उन्हाळी बॅच

मे महिना मला आवडत नाही. गुलमोहर, हापूस, मोगरा, सुट्टी, लोक त्याचं काय काय कौतुक करतात, करू देत. एप्रिल संपता संपता आमच्या बोरीवलीत नॅशनल पार्कच्या गेटबाहेर बायका पानांच्या द्रोणांत करवंदं मांडून बसायला लागल्या की माझं डोकं फिरायला सुरुवात होते. घामामुळे नाही. घामाची मुंबईच्या माणसाला सवय असते. त्याच सुमारास स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर विजेच्या खांबांना पाट्या लटकतात, त्यामुळे. पोहणे, सुंदर हस्ताक्षर, वैदिक गणित, आणि त्यांच्याच ओळीत 'ऑटिझम असलेल्या मुलांसाठी उन्हाळी बॅच, आठ आठवड्यांत फरक बघा.' पाटीवर एक मूल खुर्चीत ताठ बसलेलं असतं, हात मांडीवर, चेहऱ्यावर हसू. ते हसू कसं काढतात हे मला चांगलं ठाऊक आहे, म्हणून मी त्या बाजूच्या फुटपाथने जात नाही.

यंदा मात्र ती पाटी माझ्या मोबाइलवर आली. आमच्या खालच्या मजल्यावरच्या स्नेहलने फोटो काढून पाठवला आणि खाली लिहिलं, 'ताई, तुम्ही तन्वीला इथेच नेत होतात ना? कसं आहे?' स्नेहलची आर्या चार वर्षांची आहे. दिवाळीनंतर डॉक्टरांनी तिचं निदान सांगितलं. म्हणजे स्नेहल आज जिथे उभी आहे तिथे मी बारा वर्षांपूर्वी उभी होते. मेसेज वाचून मी मोबाइल पालथा ठेवला, कणीक मळली, पोळ्या केल्या, पुन्हा वाचला. उत्तर द्यायला मला चार दिवस लागले.

तन्वी माझी मुलगी. आता सतरा वर्षांची आहे, तेव्हा पाच वर्षांची होती. बोलत नसे. म्हणजे तोंडाने बोलत नसे. बाकी तिचं सगळं अंग बोलायचं. आनंद झाला की दोन्ही हात खांद्यापाशी आणून पंखांसारखे हलवायची, राग आला की जमिनीवर आडवी व्हायची, काही हवं असलं की माझा हात मनगटाशी धरून त्या वस्तूपर्यंत ओढत न्यायची. मला ते कळायचं. माझ्या सासूबाईंना तर माझ्याहून जास्त कळायचं. पण शाळेला कळत नव्हतं, सोसायटीला कळत नव्हतं, आणि जगाला कळत नाही ते मूल बिघडलेलं, असं आपल्याकडे ठरलेलंच आहे.

आम्ही कुडाळकडचे. मे महिना लागला की आमच्याकडची माणसं गावी जातात. त्यासाठी कुणी कारण विचारत नाही, न जाण्यासाठी मात्र द्यावं लागतं. आमच्या बिल्डिंगमधले निम्मे दरवाजे मे महिन्यात कुलूपबंद असतात. त्या वर्षी आम्ही कारण दिलं, तन्वीचा क्लास आहे. क्लास म्हटलं की नातेवाईक गप्प बसतात. गावी जाता येणार नव्हतं म्हणून क्लास सुरू व्हायच्या आधीच सासूबाई इकडे आल्या, आणि येताना रायवळ आंब्यांची पेटी घेऊन आल्या. दरवर्षी गावच्या खळ्यात घालायच्या त्या आंबापोळ्या त्यांनी बोरीवलीत सहाव्या मजल्यावरच्या गच्चीत घातल्या. सेक्रेटरींनी कुरकुर केली, मुंग्या होतील म्हणाले. सासूबाईंनी त्यांना रस पाजून गप्प केलं.

आंबापोळी तन्वीचा जीव की प्राण. नुसती खायला नाही. तुपाचा हात लावलेल्या स्टीलच्या ताटांत सासूबाई रस पातळ पसरायच्या, तो वाळला की त्यावर दुसरा थर, मग तिसरा. तन्वी जुनी छत्री घेऊन ताटांपाशी बसायची. ऊन ताटाच्या काठावर चमकलं की तिचे हात हलायला लागायचे. कावळा आला तर ती असा आवाज काढायची की कावळा पुन्हा त्या गच्चीवर फिरकत नसे. वाळलेली पोळी ती कधी चावून खायची नाही. नखाने एकेक थर सोडवायची, उन्हासमोर धरायची, त्यातून आमच्याकडे बघायची, मग जिभेवर ठेवायची. एक पोळी संपवायला तिला अर्धा तास लागायचा. त्या अर्ध्या तासात आमच्या घरात कुणालाच काही शिकवायची गरज वाटायची नाही.

सेंटरवर पहिल्या दिवशी एक फॉर्म भरून घेतला. त्यात प्रश्न होता, तुमच्या मुलाला सर्वांत जास्त आवडणाऱ्या पाच गोष्टी लिहा. मला काय आनंद झाला. तोवर दोन वर्षं प्रत्येक फॉर्मवर तिला काय येत नाही तेच विचारलं होतं. मी मन लावून लिहिलं. पहिल्या क्रमांकावर आंबापोळी, आणि कंसात ती थर सोडवून कशी खाते तेही. सेंटरच्या मुख्य मॅडमनी पेनने त्या पहिल्या ओळीभोवती गोल काढला.

"उत्तम. ही आता घरी पूर्ण बंद," मॅडम म्हणाल्या. "फक्त इथे मिळेल. नाही तर ती कशासाठी काम करेल?"

मी मान डोलावली. काम हा शब्द मला खटकला होता, हे मला चांगलं आठवतं. पाच वर्षांची पोर आणि काम. पण मॅडमच्या मागे भिंतभर सर्टिफिकिटं होती, आणि मी सांताक्रूझच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काउंटरवर रक्तलघवीच्या बाटल्या घेणारी बाई, बिनपगारी रजा टाकून आलेली. मी कोण विचारणार. घरी येऊन मी कात्रीने आंबापोळीचे नखाएवढे तुकडे केले आणि डबीत भरले. सासूबाई बघत होत्या. कात्री कशाक, एवढंच त्यांनी विचारलं. मी म्हटलं, क्लासला लागतात.

तिथे असं चालायचं. एक लहान खोली, एक टेबल, दोन खुर्च्या. एका खुर्चीत तन्वी, समोर प्रियांका. प्रियांका विक्रोळीहून यायची, बावीस वर्षांची, नुकताच कोर्स केलेली. मुलं तिला ताई म्हणायची, म्हणजे जी म्हणू शकत होती ती. 'माझ्याकडे बघ.' बघितलं की तुकडा. 'हात खाली.' हात मांडीवर गेले की तुकडा. नाही गेले तर प्रियांका ते धरून खाली ठेवायची, आणि तुकडा नाही. 'झालं, आता जा' असं म्हटल्याशिवाय खुर्चीवरून उठायचं नाही. उठली तर पुन्हा बसवायची. दिवसाचे पाच तास. आम्ही आया बाहेरच्या बाकावर बसायचो आणि दाराच्या काचेतून बघायचो. आतून ती काच आरसा होती. मुलांना आम्ही दिसत नव्हतो.

रडण्याचा नियम सगळ्यात साधा होता. रडण्याकडे बघायचं नाही. रडणं म्हणजे लक्ष वेधण्याची वागणूक, लक्ष दिलं की ती वाढते, काढून घेतलं की मरते. 'मरते' हा मॅडमचाच शब्द. घरी आम्हाला वही ठेवायला सांगितली होती. किती वाजता रडली, किती मिनिटं, तुम्ही लक्ष दिलंत का. तिसऱ्या रकान्यात सलग 'नाही' आलं की मॅडम माझ्याकडे बघून म्हणायच्या, व्हेरी गुड, मम्मी. मला बरं वाटायचं. बत्तीस वर्षांच्या बाईला. आतल्या खोलीत पोरगी तुकड्यावर शिकत होती आणि बाहेर तिची आई व्हेरी गुडवर.

गच्ची अर्थातच बंद झाली. वर पोळ्या वाळत होत्या. पहिल्या आठवड्यात तन्वी रोज सकाळी माझं मनगट धरून दारापर्यंत ओढायची. मी हात सोडवून घ्यायचे आणि भिंतीकडे बघायचे. ती दाराशी आडवी व्हायची. मी घड्याळ बघून वहीत लिहायचे. सासूबाई छत्री घेऊन एकट्याच वर जायच्या. माझे मिस्टर अंधेरीला एका कुरिअर कंपनीत होते, सकाळी आठला बाहेर पडायचे. ते म्हणायचे, तू करतेयस ते बरोबरच असणार. हा नवऱ्यांचा फार जुना पाठिंबा आहे, त्यात त्यांना काहीच करावं लागत नाही.

आता खरं ते सांगायला हवं, नाही तर ताकाला जाऊन भांडं लपवल्यासारखं होईल. चौथ्या आठवड्यात तन्वी 'पाणी' म्हणाली. स्पष्ट, दोन्ही अक्षरं. घरी, ओट्यापाशी, भांड्याकडे बघत. मी रडले, मिस्टर रडले. मॅडमनी पेढे मागितले, मी नेले. तो शब्द त्या खोलीने दिला असेल, किंवा त्याची वेळ झाली असेल, मला माहीत नाही. तेवढं श्रेय मी त्यांना देते. पुढे जे झालं ते मी होऊ दिलं त्याचं कारणही तोच शब्द. एक शब्द मिळाला होता, मला दुसरा हवा होता.

पाचव्या आठवड्यात तन्वी डावा हात कानावर ठेवायला लागली. खुर्चीत बसली की हात कानावर. प्रियांका तो खाली घ्यायची, तो परत वर. तन्वी रडायची, कुणी बघायचं नाही. घरीही तेच. मी वहीत लिहिलं, कान झाकणे, दहा वेळा. दुसऱ्या दिवशी, कान झाकणे, चौदा वेळा. लॅबमध्ये लोकांना वर्षानुवर्षं विचारत आलेली बाई मी, ताप आहे का, कधीपासून, कुठे दुखतं. घरात पोर कान धरून होती आणि मी मोजत होते.

मग तिने आंबापोळीचा तुकडा नाकारला. प्रियांकाने तोंडाशी धरला, तन्वीने मान फिरवली. दुसरा धरला, तोही. मी काचेतून बघत होते. मॅडम आल्या, त्यांनी बघितलं, आणि बाहेर येऊन मला समजावून सांगितलं की असं होतं. रोज रोज एकच गोष्ट मिळाली की तिची ओढ संपते. आता दुसरं शोधा, चॉकलेट, चिप्स, काहीतरी जास्त जोरदार. मी येताना तीन प्रकारची चॉकलेटं घेऊन आले.

घरी सासूबाई तांदूळ निवडत होत्या. मी त्यांना सहज सांगितलं, तन्वीला आंबापोळी नकोशी झालीय. त्यांचा हात ताटातच थांबला. उठून त्या तन्वीपाशी गेल्या, तिच्या गालाला हात लावला, मान चाचपली. तन्वीने त्यांचा हात झिडकारला.

"चेडवाक कायतरी दुखता गो," त्या म्हणाल्या. "पोळी नको म्हणता, म्हणजे जीव बरो नाय तिचो. डॉक्टराक दाखव."

"आई, तुम्ही यात पडू नका," मी म्हटलं. "ती शिकलेली माणसं आहेत."

हे वाक्य मी बोलले. कुणी बोलायला लावलं नाही. सासूबाई परत ताटापाशी बसल्या आणि तांदूळ निवडायला लागल्या. चौथी शिकलेली बाई. त्यांनी प्रश्न विचारला होता तो एवढाच, की ही रोज घेते ते आज का घेत नाही. तोच प्रश्न मॅडमनाही पडला होता. मॅडमनी उत्तर पुस्तकात शोधलं आणि सासूबाईंनी पोरीच्या मानेवर.

त्यानंतरचे चार दिवस तन्वी रडली नाही. अजिबात नाही. हात कानावर नेणंही कमी झालं. खुर्चीत बसायची, टेबलाकडे बघायची, म्हणाल ते करायची. चॉकलेट जिभेवर ठेवलं तर चावायची नाही, ते तसंच विरघळायचं. मी वहीत शून्य लिहिलं, चार दिवस, चार शून्यं. पाचव्या दिवशी सकाळी ती उठली तेव्हा उशीच्या अभ्र्यावर पिवळा डाग होता, वाटीएवढा, त्यात रक्ताची रेघ. कानातून गळ्यापर्यंत ओघळ सुकलेला. ती अंथरुणात बसून माझ्याकडे बघत होती. चेहरा कोरा.

कानाचे डॉक्टर म्हणाले, पडदा फुटलाय, आत पू किती दिवस साठला असेल, बाई, मोठा माणूस गडाबडा लोळतो या दुखण्यात. ही रडली नाही का? मी म्हटलं, नाही. मग वाटलं, निदान डॉक्टरांशी तरी खरं बोलावं. म्हटलं, रडली होती आधी.

त्यांचा कागद घेऊन मी तडक सेंटरवर गेले. मनात भांडण तयार होतं, रस्ताभर मी वाक्यं घोळवत होते. मॅडमनी कागद वाचला, वाईट वाटल्याचं सांगितलं, आणि कानाच्या त्रासाचं तुम्ही फॉर्ममध्ये लिहिलं नव्हतं, असं म्हणाल्या. मग त्यांनी तन्वीची फाइल उघडली. आठवड्यांचा आलेख होता, निळ्या पेनाने काढलेला. रडण्याची रेघ पहिल्या आठवड्यात उंच, मग उतरती, आणि पाचव्या आठवड्याच्या शेवटी सरळ शून्यावर टेकलेली.

"हे बघा," रेघेच्या टोकावर बोट ठेवून त्या म्हणाल्या. "एका इन्फेक्शनसाठी एवढी प्रगती वाया घालवू नका."

त्या बोटाखाली होते तेच चार दिवस. पडदा ताणला जात होता ते. तन्वीला कळून चुकलं होतं की रडून कुणी येत नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो माझ्या पोरीला मिळाला होता, आणि त्याचा त्यांनी आलेख काढला होता, आणि त्यातले आकडे माझ्या हस्ताक्षरातले होते.

आता वाचणाऱ्याला वाटेल मी फाइल फेकली असेल. नाही. तन्वीला तीन दिवस घरी ठेवलं, औषधं दिली, आणि चौथ्या दिवशी परत नेलं. बॅच पूर्ण केली, आठच्या आठ आठवडे. पाणी म्हणाली होती ना. सासूबाई त्याच आठवड्यात गावी निघून गेल्या, पाऊस लागायच्या आत शेताची कामं आहेत म्हणाल्या. मला त्यांनी बोल लावला नाही, कधीच. जाताना ताटं घासून, पुसून, पालथी घालून गेल्या. त्या वारल्या तोपर्यंतही हा विषय आमच्यात निघाला नव्हता, आणि तो मी काढायला हवा होता.

त्या सेंटरचा मला आजही राग येतो. त्यांच्या आरशाच्या काचेचा, निळ्या पेनाचा, मम्मी म्हणण्याचा. शिकवण्याला माझी ना नाही. तन्वीला पुढे एका बाईंनी शिकवलं, जमिनीवर तिच्या शेजारी बसून, तिच्या हात हलवण्याला हात न लावता, आणि त्यांच्याकडे ती वाचायलाही शिकली. माझा राग त्या हिशेबी शांतपणाचा आहे, ज्यात मूल का करतंय हे विचारायचंच नाही, किती वेळा करतंय एवढंच बघायचं. असं कुणी माझ्याशी आठ दिवस वागलं असतं तर मी पोलिसांत गेले असते.

मागच्या वर्षी विक्रोळीला एका लग्नात प्रियांका भेटली. आता ती ब्लाउज शिवण्याचा धंदा करते. मला बघून तिचा चेहरा पडला. जेवणाच्या रांगेत मागे उभी राहून ती हळूच म्हणाली, मॅडमना मी तेव्हाच सांगितलं होतं ताई, हिचा कान गरम लागतोय. मॅडम म्हणाल्या, तुझं काम नोंद करायचं आहे. एवढं सांगून ती थांबली, बहुधा मी काही म्हणेन म्हणून. मी भाजीचा डाव उचलला. मी तिला माफ केलं नाही. ती बावीस वर्षांची होती, नोकरी नवी होती, वर मॅडम होत्या, हे सगळं मला समजतं. पण कान गरम लागत होता हे तिला माहीत होतं, आणि मी चार हातांवर बाकावर बसले होते. मला सांगायला तिला फक्त दार उघडावं लागलं असतं. हे मी तिला सांगितलं नाही, कारण मग तिनेही मला काही विचारलं असतं.

तन्वी त्या उन्हाळ्यानंतर दुखलं म्हणून कधी रडली नाही. बारा वर्षं. आंबापोळी समोर आली तर ताट सरकवते. दोन वर्षांपूर्वी बाजारातून आम्ही चालत घरी आलो आणि वॉचमन धावत मागून आला, मॅडम, रक्त. तिच्या चपलेत काच शिरली होती, टाचेत रुतली होती, आणि ती बाजारापासून गेटपर्यंत माझ्या बरोबरीने चालत आली होती. टाके घालताना डॉक्टर म्हणाले, किती शहाणी मुलगी आहे हो. मी रोज रात्री तिच्या अंगावरून, पायांवरून नजर फिरवते. विचारून उपयोग नाही. कुणीही काहीही विचारलं तरी ती 'हो' म्हणते. हो म्हटलं की सगळं लवकर संपतं, हे तिला त्या खुर्चीत कळलं. सतरा वर्षांची देखणी मुलगी आणि कुणालाही नाही म्हणत नाही. मी बाहेर तिला एक क्षण एकटी सोडत नाही, आणि मी काही अमर नाही. मला झोप लागत नाही ती याने.

मेसेज आल्याच्या चौथ्या दिवशी मी स्नेहलला वर बोलावलं. ती दुपारी आली, डोळे सुजलेले. सकाळी सोसायटीचं नेहमीचं गेट दुरुस्तीसाठी बंद होतं आणि आर्या दुसऱ्या गेटने यायला तयार नव्हती, अर्धा तास रस्त्यात पडून ओरडली. लोक जमले. कुणीतरी म्हणालं, एक ठेवून द्या, गप्प बसेल. मी चहा टाकला. तन्वी टेबलापाशी कोथिंबीर निवडत होती, एकेक काडी सरळ करून. स्नेहल तिच्याकडे बघत राहिली.

मी तिला सगळं सांगितलं, इथे लिहिलंय तेवढं. ती ऐकत होती, मान हलवत होती, पण तिची नजर सारखी तन्वीकडे जायची. ते जुनं झालं ताई, आता म्हणे सगळं खेळत खेळत करतात, असं ती म्हणाली. असेलही, मी म्हटलं, मला माहीत नाही. एकच विचार तिथे जाऊन. मूल नाही म्हणालं तर तुम्ही काय करता?

"पण नाही म्हणणं कमी व्हावं म्हणूनच तर पाठवायचं ना?" स्नेहल म्हणाली. "राग मानू नका ताई. पण तुमची तन्वी बघा ना. किती शांत बसलीय. मला एवढं मिळालं तरी पुरे हो."

माझं डोकं सटकलं. मी तन्वीला हाक मारली, इकडे ये, बस. तिने हातातली काडी ठेवली, आली, समोरच्या खुर्चीत बसली. दोन्ही हात मांडीवर गेले.

"तन्वी, पाय दुखतोय?" मी विचारलं.

"हो."

"पाय दुखत नाहीये ना?"

"हो."

स्नेहलने खाली बघितलं. मला थांबता येईना. तुला त्या जुन्या क्लासला परत जायचंय? हो. तिथे जायचं नाही ना? हो. स्नेहल म्हणाली, ताई, कळलं, पुरे. मी म्हटलं, थांब, अजून एकदा, नीट बघ. मग मी तन्वीकडे वळले आणि म्हणाले, माझ्याकडे बघ.

तन्वीने माझ्याकडे बघितलं. मी पुढचा प्रश्न विचारायला तोंड उघडलं, आणि ती उठली. झालं म्हणून मी सांगितलं नव्हतं, जा म्हणून सांगितलं नव्हतं. ती टेबलाला वळसा घालून आतल्या खोलीत गेली, दार लावलं, आणि आतून कडी घातल्याचा आवाज आला. आमच्या घरात ती कडी मी तिच्या हाताने कधी लागलेली ऐकली नव्हती.

पहिल्यांदा मला भीती वाटली, आत काय करेल ती. मग लाज वाटली, इतकी की स्नेहलकडे बघवेना. आणि त्या दोन्हींच्या खालून काहीतरी वर येत होतं, त्याला आनंद म्हणायची माझी हिंमत होत नव्हती.

"चिडली ताई ती तुमच्यावर," स्नेहल कुजबुजली. "हाक मारा ना तिला."

"नाही मारणार," मी म्हटलं.

चहा निवला. थोड्या वेळाने खालून आर्याचा आवाज आला तशी स्नेहल उठली. पाटीबद्दल ती काही बोलली नाही आणि मीही विचारलं नाही. ती गेल्यावर उरलेली कोथिंबीर मी निवडली आणि आतल्या दाराकडे तोंड करून खुर्चीत बसले. तिला बाहेर यावंसं वाटेल तेव्हा ती येईल, असं ठरवलं, आणि तिला तसं वाटेपर्यंत संध्याकाळचे साडेसात वाजले.